घरात एक बहिणाबाई हवी

खान्देशात जन्मलेल्या आणि थोडंफार लिहिता येणाऱ्या माणसाला एक विकार जडतो. आपली आजी बहिणाबाई आहे, फक्त जगाला अजून कळलेलं नाही, असं त्याला मनापासून वाटू लागतं. पहिली कविता मासिकाकडून साभार परत आली की हा विकार बळावतो. आपल्यात काही नाही हे मान्य करण्यापेक्षा, जे काही आहे ते दोन पिढ्या मागे पडून राहिलंय असं मानणं सोपं जातं.

यात सगळा दोष आमचा नाही. उदाहरणच तसं घडून गेलंय. जळगावला लागून असलेल्या आसोद्यात 1880 साली एक मुलगी जन्मली. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरात सून म्हणून आली, तिशीत विधवा झाली, आयुष्यभर शेतात राबली. अक्षराशी ओळख नव्हती. जात्यावर, चुलीपुढे, बांधावर जे सुचलं ते म्हणत गेली. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यानं आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यानं त्यातलं काही उतरवून ठेवलं. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ बाहेर आली. पुढे 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या नावाचं पदवीपत्र आज आमच्याकडे घरोघरी फ्रेम करून लावलेलं असतं.

खरं सांगायचं तर या कथेत माझा डोळा बहिणाबाईंवर नव्हताच, सोपानदेवांवर होता. कष्ट दुसऱ्याचे, प्रतिभा दुसऱ्याची, प्रस्तावना तिसऱ्याची. आपण फक्त वही घेऊन वेळेवर हजर राहायचं. ही भूमिका मला झेपण्यासारखी वाटली.

आजी माझ्याकडे तयारच होती. सगळी गल्ली तिला जिजी म्हणायची. माहेर फैजपूरच्या बाजूचं, सासर धुळ्याचं आणि संसार जळगावात. म्हणजे जन्म पूर्व खान्देशातला, लग्न पश्चिम खान्देशात. इंग्रजांनी 1906 साली एका खान्देशाचे दोन केले ते जिजीनं एकटीनं पुन्हा जोडले होते. बोलायची तेव्हा माहेरची लेवा बोली आणि सासरची अहिराणी एकाच वाक्यात नांदायच्या, आणि रागावली की दोन्हींतल्या शिव्या पाळी न मोडता यायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. एवढ्या अटी पूर्ण करणारी आजी मिळाल्यावर आता फक्त कवितांचीच काय ती कमतरता होती.

चरित्रात्मक प्रस्तावनेसाठी आधी जन्मसाल हवं होतं. आधार कार्डावर जिजीची जन्मतारीख 1 जानेवारी. पण गल्लीतल्या तिच्या झाडून सगळ्या मैत्रिणी 1 जानेवारीलाच जन्मल्या होत्या, त्यामुळे तो पुरावा मी बाजूला ठेवला. जिजीचं स्वतःचं कॅलेंडर वेगळं होतं. “फैजपूरच्या काँग्रेसले मी इतली व्हती,” असं म्हणून ती हात आडवा धरायची. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, डिसेंबर 1936 चं. अध्यक्ष नेहरू. म्हणजे तिच्या तळहाताची जमिनीपासूनची उंची मोजली की हिशेब संपला. अडचण एवढीच होती की तो तळहात प्रसंगानुसार वर-खाली व्हायचा. पेन्शनचा विषय निघाला की तो कंबरेपर्यंत चढायचा. डॉक्टरांसमोर गुडघ्याशी उतरायचा. एकदा वधूवरांच्या बोलणीत कोणीतरी “आजींचं वय झालंय” असं म्हणालं, तेव्हा तो जवळजवळ जमिनीला टेकला होता.

तरी फैजपूर हे घबाड होतं. नंदलाल बोसांच्या हाताखाली बांबूचं नगर सजलेलं, गांधी आलेले, आणि त्या गर्दीत माझी जिजी! मी वही उघडली.

“नेहरू पाहिले का?”

“पाह्यले असतीन. मी तं पाय पाह्यले.”

“कोणाचे?”

“समद्यांचे. माणसाचे, बैलाचे. तितल्या उंचीवरून दुसरं काय दिसते? काकाच्या खांद्यावर माझा भाऊ बसेल व्हता.”

खांद्यावरच्या भावाकडे मी साफ दुर्लक्ष केलं आणि पायांना धरलं. ‘स्वातंत्र्याची पाऊलधूळ’ नावाचा एक लेख लिहून दिवाळी अंकात छापूनही आणला. मोठ्या अभिमानानं जिजीला वाचून दाखवला. तिनं शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, “बैलाचे लिहिले नाही का?”

मग मी मूळ कामाकडे वळलो. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घातली आणि जिजीला गाणं म्हणायला सांगितलं. दिवाळीचे दिवस होते. जिजी म्हणाली की गाणी आखाजीची असतात आणि ती आखाजीलाच म्हणायची असतात. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. म्हणून मी उन्हाळ्यापर्यंत दम धरला. आखाजीला पंधरावीस बाया एकदम गायल्या, झोक्याची कडी सगळ्यांच्या वर किरकिरली, आणि मधल्या ओळींत एका आत्यानं सासूबद्दल काही खाजगी माहिती दिली. ती कॅसेट आत्यानं जागेवरच जप्त केली.

मग माझ्या लक्षात आलं, की जात्याशिवाय ओवी येईलच कशी? ओळखीच्या घरातून जातं मागून आणलं. दोन माणसांनी ते ओट्यावर ठेवलं. जिजी दारात उभी राहून बघत होती.

“गिरणी बंद पडली का रे?”

मी तिला प्रयोजन समजावलं. खुंट्याला हात लागला की आपोआप ओठांवर शब्द येतात, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं होतं. जिजी म्हणाली, “मंग लाव की तू हात.” आणि पाट घेऊन समोर बसली.

त्या कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. तिच्यात माझी धाप आहे, जात्याची घरघर आहे आणि जिजीचं सविस्तर मार्गदर्शन आहे. घास लहान टाक. उलटं नको फिरवू. पाठ सरळ ठेव. इतल्या पिठात बिलाडीची भाकर व्हनार नाही. मध्ये एकदा शेजारीण उसनी परात मागायला आली, तर तिच्याशी झालेली बोलणी आहेत. परात नेल्याची, मागची अजून न आल्याची, आणि त्याआधीच्या कोणाच्या तरी पातेल्याची. हे सगळं मी वहीत ‘अवांतर’ असा शेरा मारून वगळलं. संपादक म्हणून माझी नजर तेव्हा फार कडक होती.

ओव्या नाही मिळाल्या, पण त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी वही घेऊन ओट्यावर बसायचो. एखादं वाक्य तरी निसटेल या आशेनं. येणारे-जाणारे विचारायचे, “जिजी, नातू काय लिहून ऱ्हायला?” आणि जिजी रुबाबात सांगायची, “आपलं समदं लिहून ठेवू ऱ्हायला. त्याच्या वहीत पक्कं ऱ्हाते.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं. निरक्षर बाई, पण साहित्याचं प्रयोजन किती नेमकं समजली होती! हे वाक्य मी वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं. तिनं ते गल्लीत, देवळात, बाजारात, नात्यागोत्यात इतक्या जणांना ऐकवलं, की आपला पुढं सत्कारच होतो की काय असं मला वाटू लागलं.

वर्षं गेली. ऑगस्ट 2022 मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि नव्वदीच्या आसपासच्या जिजीच्या आयुष्याला एकदम वेग आला. तळहात कंबरेपर्यंत चढला तो पुन्हा खाली आलाच नाही. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळं, नव्वदेक किलोमीटर. कधी पांझरेकाठच्या एकवीरा देवीचं दर्शन, कधी कोणाच्या नातवाचं बारसं, कधी नुसतंच. मार्च 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून सोबत आत्याही निघाली. पिशव्या धरायला मी. कंडक्टर आला की जिजी माझ्याकडे बोट दाखवायची. “याचं पुरं काढा. याले काही सूट नाही, लेखक हाये.”

अशाच एका खेपेत मी तिला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाबद्दल सांगत होतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरची जुनी दप्तरं कशी गोळा करत, 1926 च्या 31 डिसेंबरला ते धुळ्यातच कसे वारले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावानं मंडळ कसं उभं राहिलं. जिजीनं जांभई दिली आणि म्हणाली, “माळ्यावर आपलं बी एक बोचकं हाये. तुह्या पणजाचं.”

त्या रात्री मला झोप आली नाही. बोचक्यात खरोखरच मोडीतले कागद निघाले. पिवळे, काठ कुरतडलेले, शके 1868 चे, म्हणजे 1946 च्या सुमाराचे. साल जरा अलीकडचं होतं, पण मजकूर काय असेल कोणी सांगावं? भूमिगतांची गुप्त पत्रं? नुकत्याच आलेल्या सुनेच्या तोंडून पडलेल्या आणि सासऱ्यानं टिपून ठेवलेल्या ओव्या? सोपानदेवांचं काम आमच्या पणजोबांनीच करून ठेवलं असेल तर मला प्रस्तावनेपुरतंच राबावं लागणार होतं.

धुळ्याला मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचं घर नंबरवाल्या गल्ल्यांपैकी एकीत. सांगायला सोपं पडावं म्हणून धुळ्यानं गल्ल्यांना आकडे दिलेत, त्यामुळे मी दोनदा चुकलो आणि वाचता न येणाऱ्या जिजीनं घर शोधलं. गुरुजींनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला.

“दादर चार पायली. उडीद एक पायली, परत. तूर दीड पायली...”

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. पुढच्या कागदावरही दादर. त्याच्या पुढच्या कागदावर दादर आणि एक घमेलं. सबंध बोचकं म्हणजे पणजोबांनी गावात दिलेल्या उसनवारीची यादी होती. जिजी मात्र खुर्चीच्या कडेवर आली होती. नाव आलं की ती मान हलवायची. “फेडलं त्यानं. पोरीच्या लग्नात.” “ते बुडालं. बाई वारली, जाऊ द्या.” सत्तर-पंच्याहत्तर वर्षांमागची सगळी खाती तिच्या डोक्यात चालू होती. कागदाची तिला गरज नव्हती. गरज होती ती फक्त आम्हाला पटण्यासाठी.

मग गुरुजींचा आवाज हळू झाला. “उडीद दोन पायली. नावे...” ते थांबले. चष्मा काढून पुन्हा घातला. “हे तर आमच्या आजोबांचं नाव दिसतं.”

“मंग?” जिजी म्हणाली. “पुढे वाचा की. परत केल्याचं लिहेल हाये का?”

“लिहिलेलं नाही.”

“मले बी आठवत नाही.”

आतून चहा आला. जिजीनं कपाला हात लावला नाही. मी हसून विषय इतिहासाकडे नेण्याचा प्रयत्न केला, राजवाड्यांचं नाव घेतलं, मोडीची दुर्दशा काढली. काही उपयोग झाला नाही. शेवटी गुरुजी उठले, आत गेले, आणि बराच वेळ डबे वाजल्याचे आवाज आले. “व्याजाचं काय करायचं?” त्यांनी गंमत म्हणून विचारलं. जिजीनं गंमत म्हणून न घेता त्यावर थोडा विचार केला आणि कैरीच्या लोणच्याची एक बरणी मान्य केली. मग चहा प्यायली, त्यांच्या सुनेची चौकशी केली, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. खातं मिटल्यावर ती फार प्रेमळ व्हायची. परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत उडदाची पिशवी माझ्या मांडीवर होती आणि लोणच्याचं तेल पँटवर.

जिजी मागच्या वर्षी गेली. तळहात कितीही खाली धरला तरी नव्वदीच्या पुढे. गंधमुक्तीच्या दिवशी चार शब्द बोलायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. मी फैजपूरपासून सुरुवात केली, बहिणाबाईंचं नाव घेतलं, खान्देशच्या मातीतल्या अनाम प्रतिभेवर आलो. मांडवात बायांची कुजबुज वाढत होती. लोकांना गहिवर आवरत नाहीये असं मला वाटलं. भाषण संपलं तशी एक मावशी पुढे आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “भाऊ, जरा वहीत पाह्य ना. माही पितळी परात जिजीकडे हाये.”

“कोणत्या वहीत?”

“तूच तं लिहून ठेवे ना समदं! जिजी सांगे.”

तिच्या मागे रांग होती. कानबाईच्या रोटांना नेलेलं पातेलं. कोणाच्या सुनेचं इडलीपात्र. एकीची खाट, बिबडे वाळवायला नेलेली. कोणी नेण्याऐवजी देण्यासाठी आलं होतं, आणि किती द्यायचंय ते माझ्याकडून ऐकायला उभं होतं. ओट्यावरच्या त्या सगळ्या संध्याकाळी गल्लीच्या लेखी मी जिजीचा मुनीम होतो. तिनं माझी पत एवढी वाढवून ठेवली होती की ‘लिहिलेलं नाही’ म्हणालो तर कोणी विश्वास ठेवेना. उलट, लेखक माणूस, परात दाबतोय, अशी नजर दिसू लागली. घरी येऊन मी वह्या काढल्या. त्यांत पाऊलधूळ होती, मातीचा हुंकार होता, आणि जिथे जिथे परात आली होती तिथे ‘अवांतर’ लिहून फुली मारलेली होती.

नशिबानं कॅसेट होती. जात्याची. ती ऐकून परातीचा, पातेल्याचा आणि घमेल्याचा निकाल लागला. माझी धाप वगळून बाकी सगळा मजकूर कामाचा निघाला. आत्यानं तर आखाजीची जप्त केलेली कॅसेटही काढून दिली, अर्थात सासूचा भाग पुढे पळवून.

देणं नुसतं भांड्यांचं नव्हतं. बिबडे करायचे तर एकटीचं काम नाही. ज्वारी भिजवून, कांडून, पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत चार-सहा जणींनी मिळून थापायचे. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. जिजीकडे शेजारच्या घरची एक पाळी फिरत होती. तिच्या वतीनं ती फेडायला उन्हाळ्यात मी गेलो. ओल्या फडक्यावर मी थापलेला पहिला बिबडा हुबेहूब अविभाजित खान्देशाच्या नकाशासारखा झाला होता, तापीसकट. बायांनी तो बघितला, एकमेकींकडे बघितलं, आणि पाळी फिटली असं जाहीर करून मला घरी पाठवलं.

आता यादीत एकच गोष्ट उरली आहे. थंडी पडली, बामणोदची भरताची वांगी बाजारात आली, तेव्हा जिजीच्या नावानं शेतात भरीत करायचं ठरलं. हिरवी, पांढुरक्या रेघांची, हाताएवढी वांगी आणली. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे वांगं, तेव्हा तयारीही तशीच होती. पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली, मिरच्या-लसूण भाजला, कांद्याची पात चिरली, कळण्याच्या भाकरी झाल्या. आणि वांगी ठेचायला घेतो तर बडगी नाही. लाकूड कोरून केलेली, जिजीच्या सासूच्या वेळची. मुसळी कोपऱ्यात उभी, बडगी गायब. शेवटी कोणाच्या तरी घरून मिक्सर आणला. बडगीत ठेचलेल्या वांग्याला दोरे राहतात, मिक्सरमधून निघाली ती पिवळसर लापशी. काकांनी एक घास खाल्ला, भाकरी खाली ठेवली आणि विचारलं, “याची वहीत काही नोंद?”

दोन्ही कॅसेटी पुन्हा ऐकल्या. बडगीचा उल्लेख नाही. ती एसटी फुकट झाल्यानंतर गेलेली असणार. तेव्हा मी लिहिणं सोडून नुसत्या पिशव्या धरत होतो.

तर हा लेख त्यासाठी. बडगी सागाची आहे, रंग काळा पडलेला, कडेला चीर असून तिथे पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे या पट्ट्यात कोणाकडेही असू शकेल. नेताना जिजीनं तुम्हाला “नातवाच्या वहीत लिहून ठेवते” असं सांगितलं असेल, तर ती आमचीच. तुमचं आमच्याकडे काही येणं असेल तर तेही त्याच वेळी सांगावं. आणून द्यायची तसदी घेऊ नये. मी स्वतः येईन, पूर्ण तिकीट काढून.